सवतीच्या कबरीला चुना

"साहेबांना कोणता रंग आवडायचा, मॅडम?" टायवाल्यानं विचारलं.

साहेब आतल्या खोलीत खाटेवर होते आणि आमची मुलगी उज्वला त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. नेमका तेव्हाच त्यांना ठसका लागला. बाहेरच्या खोलीपर्यंत आवाज आला. टायवाल्याच्या हातातलं पेन थांबलं.

"आवडायचा नाही, आवडतो," मी म्हणाले. "थांबा, विचारून येते."

प्रबोधनं कपाळाला हात लावला. "आई, प्लीज," म्हणाला. आमच्या प्रबोधला लाज वाटली की तो इंग्रजीत जातो.

ही गोष्ट झाली त्याला आता वीस वर्षं होतील. नाताळानंतर यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेल्यातच जमा झाली. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. डॉक्टर घरी न्या म्हणाला की काय समजायचं ते मला समजतं. माझी शाळा मराठी दुसरीपर्यंत, बायबल अजून बोट ठेवून वाचते. पण माणसाचं तोंड वाचायला मला बोट लागत नाही.

प्रबोध पुण्याहून आला तो गळ्यात टाय बांधलेल्या या माणसाला घेऊनच. त्याच्या कंपनीचं नाव इंग्रजी, ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. माणूस गेल्यावरचं सगळं ही कंपनी करते, पेटीपासून फुलांपर्यंत. रडायला माणसं कमी पडली तर तीही आणत असावी. त्यानं मला एक आल्बम दाखवला. पेट्यांचे फोटो. आतून साटीन लावलेलं, एकात गुलाबी, एकात मोरपंखी, उशीला झालर. मला वाटलं, रुखवत बघतेय. कडेला पितळी कड्या. मी विचारलं, या कड्या आतून उघडतात का? तो म्हणाला, नाही मॅडम. मी म्हटलं, मग एवढं साटीन कुणासाठी?

बोलण्याआधी तो दर वेळी डोळे मिटायचा, जणू आमचं दुःख त्याला आतून टोचत होतं. पहिल्या दोनदा मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा मी नीट बघितलं. एकच डोळा मिटलेला होता, दुसरा घड्याळावर होता.

"जागेचं काय ठरलं?" त्यानं प्रबोधला विचारलं.

प्रबोध माझ्याकडे न बघता बोलला. जुनं कबरस्तान म्हणे फार भारी जागा आहे. हेरिटेज आहे. इंग्रजांच्या काळातलं, कलेक्टर आणि मिशनरी तिथं झोपलेत, पुण्यामुंबईहून लोक कॅमेरे घेऊन बघायला येतात. बाबांना तिथं ठेवलं तर कसं शोभून दिसेल.

आता हे मला नवीन नव्हतं. नगरात आम्हा ख्रिस्ती लोकांची दोन कबरस्तानं. एक नवं, गावाबाहेर, माळावर, सावलीला झाड नाही. दुसरं हे जुनं, गोऱ्यांचं. जुन्यात नवीन कबर खणायला कधीच बंदी झाली. पण घरातल्या कुणाची कबर तिथं आधीची असेल तर तीच उघडून वर दुसरी पेटी ठेवता येते. एका कबरीत दोघं, त्याच्यावर नाही. आणि त्यासाठी जवळच्या माणसाचा होकार लागतो, म्हणजे बायकोचा.

तिथं आमच्या घरातली एक कबर होती. करुणाची. यांच्या पहिल्या बायकोची.

देवीची साथ आली त्या साली करुणा गेली. हे मिशनच्या दवाखान्यात कंपौंडर होते, दुसऱ्यांना औषधं देत राहिले आणि घरात बायको गेली. मागं रांगतं पोर राहिलं, तो प्रबोध. वर्षाच्या आत मी लग्न होऊन आले. एकोणीस वर्षांची होते. पोरगं पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून रडलं, दुसऱ्या दिवशी चावलं आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या कडेवरून उतरलंच नाही. बोलायला लागलं ते मला आई म्हणतच. सावत्र हा शब्द मी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. एकदा सोयरिकीतली एक बाई बोलून गेली. तिला मी चहा दिला, कप उलटा ठेवून.

करुणाचंही मी कमी केलं नाही. आमच्यात ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी जुन्या कबरस्तानात जमते. तिथं उपासना होते, आणि त्याच्या आधी जो तो आपापल्या माणसाच्या कबरीला चुना देतो, फुलं घालतो. चाळीस ईस्टर मी करुणाच्या कबरीला चुना दिला. नीळ घालून, दोन हात. कडुनिंबाखालची ती कबर इतकी पांढरी व्हायची की पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, सवतीवर अशी प्रीती करणारी बाई आपल्या मंडळीत आहे, हे बघा. मी मान खाली घालायचे. मनातून वर असायची.

तेव्हा हे सगळं मला उलटं येऊन बसलं. हे तिच्या कबरीत जाणार. दोघं झाली की कबर भरली. आणि मी? मी माळावर, एकटी. माझं नाव राहेल. बायबलात याकोबाचं सगळं प्रेम राहेलवर, आणि मरताना सांगून काय गेला? मला लेआजवळ, म्हणजे पहिल्या बायकोजवळ ठेवा. राहेलला तर आधीच वाटेवर कुठंतरी पुरून पुढं निघाले होते. लग्नात पाळकांनी याकोब-राहेलची फार गोड गोष्ट सांगितली होती. शेवट सांगायचा राहिला.

पण हे मी तोंडातून काढलं नाही. पोराला आपल्या बापाला आईजवळ ठेवायचं होतं आणि तोंडानं ते म्हणवत नव्हतं, म्हणून तो हेरिटेज हेरिटेज करत होता. ते मला कळत होतं. मी नाही म्हणाले असते तर सावत्र ठरले असते, हो म्हणाले असते तर एकटी.

"आधी जागा बघू," मी म्हणाले. "आणि पेटी कुणाची ते मी ठरवणार. वांगंसुद्धा मी दाबून घेते."

---

दुपारी टायवाल्याच्या गाडीतून आम्ही जुन्या कबरस्तानात गेलो. ईस्टरशिवाय मी तिथं कधी गेले नव्हते. पहाटेच्या अंधारात आणि गर्दीत दिसत नाही, पण दुपारच्या उन्हात त्या जागेची पार रया गेलेली दिसली. एका मडमेच्या कबरीवर दगडी देवदूत होता, त्याचं नाक कुणीतरी फोडलेलं. एका कलेक्टरच्या चौथऱ्यावर शेळी उभी होती आणि अशा रुबाबात बघत होती की तीच कलेक्टर वाटावी. टायवाल्याला मात्र भरून आलं. इथं पांढरे तंबू, इथं खुर्च्या, इथं व्हिडिओवाला, असं हात करून तो दाखवत चालला. म्हणाला, "काय वातावरण आहे, मॅडम."

"राहायला या," मी म्हणाले.

कडुनिंबाखाली आमची पांढरी कबर. मागच्या ईस्टरचा चुना अजून बराचसा टिकला होता. टायवाल्यानं वाकून बघितलं, नखानं खरवडलं. नाव दिसत नाही म्हणाला. दिसणार कसं? चाळीस वर्षांचे थर. अक्षरं होती हे मला ठाऊक होतं, पण ती इंग्रजी, आणि इंग्रजीशी माझा काय संबंध? हे म्हणाले होते, करुणाची आहे. मला तेवढं पुरलं. टायवाला म्हणाला, उद्या सकाळी माणसं लावतो, ॲसिडनं धुतलं की दगड नव्यासारखा निघेल, अक्षरं फोटोत छान येतील.

प्रबोधनं त्याचं काही ऐकलं नाही. तो कबरीच्या डोक्याकडे बसला होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर विरळ झालेलं, आणि तळहात त्या चुन्यावर ठेवलेला, जसा लहानपणी ताप आला की माझ्या गालावर ठेवायचा.

"आई," तो हळूच म्हणाला, "बाबा इथं असले तर बरं होईल ना?"

कुठल्या आईला विचारत होता ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

---

तिथून मी त्यांना घरी पाठवलं आणि रिक्षा करून सालोमीकडे गेले.

सालोमी शिनगारे म्हणजे माझी हाडवैरीण. नव्या कबरस्तानाच्या फाटकासमोर तिचं पेट्यांचं दुकान. सासऱ्यानं सुरू केलेलं, नवरा गेल्यावर ती चालवायची. आमच्या स्त्रीसमाजात नाताळच्या जेवणाचं मटण कुणी खारट केलं यावरून आमचं जे बिनसलं ते पंचवीस वर्षं बिनसलेलंच होतं. मटण तिनंच खारट केलं होतं. देवळात ती डाव्या बाकावर, मी उजव्या. सलाम करायचा तर पाळकांच्या तोंडाकडे बघून.

मी गेले तेव्हा ती एका पेटीच्या झाकणावर ताट ठेवून भाकरी खात होती. उठली नाही. एक स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

"कंपौंडर काही खातो का?" तिनं विचारलं.

"पेज."

"आणि पाठ? फोडं आलीत का?"

आली होती. टायवाल्यानं रंग विचारला होता, पाठ विचारली नव्हती. पण सालोमीसमोर डोळे पुसायला मी काही तिच्या घरची नव्हते. आली आहेत म्हणाले. कूस कशी बदलायची, खाली जुनी मऊ धोतरं कशी घडी करून घालायची, ते तिनं खात खात सांगितलं आणि वर म्हणाली, तुझ्या हातानं नको, तुझा हात जड, पोरीला सांग.

मी म्हटलं, आम्ही पुण्याच्या कंपनीचं बघतोय, पण गावातल्या माणसाला विचारलं नाही असं नको. ती म्हणाली, विचार की, विचारायला काही पेटीत झोपावं लागत नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. प्रबोधला काय हवंय ते, कडुनिंबाखालची कबर उघडायची आहे ते.

सालोमीचा घास हातातच राहिला.

"तिथं नको," ती म्हणाली.

"का?"

"नको म्हणते ना. इथं नव्यात घे. शेजारी शेजारी दोन जागा धरून देते तुला."

"तुझं दुकान इथं आहे म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच." पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि सालोमी भांडताना डोळ्याला डोळा लावते. जरा वेळानं तिनं हात धुतला आणि म्हणाली, "त्या कबरीत ती दोघं. आणि तू कुठं जाणार गं, राहेल? की तिथंपण बादली घेऊन उभीच राहणार?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पोटच्या पोरीनं नाही, वाढवलेल्या पोरानं नाही, पाळकांनी नाही. आणि विचारलं कुणी, तर हिनं. मला असा राग आला की मी उठलेच. म्हटलं, माझी काळजी तू करू नको, तुझ्या मटणाची कर.

ती मागून म्हणाली, "उघडायच्या आधी कंपौंडरला विचार. एवढं ऐक माझं."

मी ऐकलं नाही. सालोमीचं ऐकायचं म्हणजे मटण मीच खारट केलं म्हणण्यासारखं होतं.

रात्र कशी गेली ते मी सांगत नाही. सकाळी प्रबोध आंघोळ करून उभा होता, तेव्हा मी त्याला हो म्हणाले. उघडा म्हणाले. तो माझ्या पायाशी वाकला. मी म्हटलं, मला वाकू नको, मी अजून मेले नाही.

---

टायवाल्याची दोन माणसं हातमोजे घालून कबरीवर बसली होती. ॲसिडचा वास नाकाला झोंबत होता. तारेच्या ब्रशानं ती घासत होती आणि चुन्याचे पापुद्रे निघत होते, एकाखाली एक, जसा जुन्या घराच्या भिंतीचा रंग निघतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे माझा एक ईस्टर. खालचा दगड काळा होता. मग अक्षरं आली.

टायवाला मोठ्यानं वाचायला लागला, मग त्याचा आवाज कमी झाला, मग तो थांबला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यानं या वेळी खरोखर दोन्ही डोळे मिटले. "मॅडम, हे... कुणी सार्जंट आहे."

"कोण?"

प्रबोधनं स्वतः वाकून वाचलं आणि एकेक शब्द मराठीत सांगितला. सार्जंट थॉमस विगिन्स. अमुक पलटणीचा. नगरात तापानं मेला. वय चोवीस. त्याच्या दोस्तांनी हा दगड बसवला.

घासणाऱ्या दोघांपैकी एक जण फसकन हसला आणि दुसऱ्यानं त्याला ढोसलं. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढून चाळीस बादल्या गेल्या. दर वर्षी नवी पांढरी साडी नेसून, पदर खोचून, गुडघ्यावर बसून मी एका गोऱ्या शिपायाला चुना दिला होता. परपुरुषाला. त्याच्या उशाशी बसून मी त्याला सांगितलं होतं, बाई गं, तुझा प्रबोध पहिला आला, तुझ्या प्रबोधला नोकरी लागली, तुझी सून जरा फाजील आहे पण चालेल. त्या सार्जंटनं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. आणि पाळकसाहेब म्हणायचे, प्रीती बघा.

पण प्रबोध खाली मातीतच बसला होता. त्याचे हात पांढरे झाले होते. लहान मुलासारखा तो माझ्याकडे बघत होता.

"मग माझी आई कुठंय?" तो म्हणाला.

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यानं मला कधी विचारला नव्हता. मी कधी विचारू दिला नव्हता, असंही म्हणता येईल. माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं. जीभ माझी, तिला काय कमी. पण त्याचं तोंड बघून एवढंच निघालं.

"एक तर ही उभी आहे," मी म्हणाले. "दुसरी शोधू. ऊठ."

---

घरी आल्यावर मी उज्वलाला बाहेर जायला सांगितलं आणि खाटेवर बसले. यांनी डोळे उघडले. एक डोळा पुरता उघडायचा, एक अर्धा.

"कंपौंडर," मी म्हणाले. रागावले की मी यांना गावासारखी कंपौंडर म्हणायचे. "तो गोरा निघाला."

आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं. तोंडाची डावी बाजू हलायला लागली, उजवी तशीच राहिली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते हसत होते की रडत होते ते मला शेवटपर्यंत सांगता यायचं नाही. ओठ जुळवून जुळवून त्यांनी एक शब्द काढला.

"दगड," ते म्हणाले.

आणि मला लख्ख आठवलं. लग्नानंतरचा पहिला ईस्टर. आदल्या दिवशी पाण्यावर बायका बोलत होत्या, नवी सवतीची कबर बघते का बघू. मला ते लागलं. पहाटे प्रबोधला कडेवर घेऊन, हातात चुन्याची बादली घेऊन मी यांना म्हणाले, तिची कबर दाखवा, आणि नुसती मातीची असली तर आजच्या आज दगड बसवा, मी मातीच्या ढिगाऱ्याला चुना लावणार नाही, लोक हसतील. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस, साथीत बायको गेली तेव्हा दवाखान्यात अडकलेला, ती कुठल्या खड्ड्यात गेली हे त्यानं स्वतः बघितलेलं नव्हतं. समोर अख्खी मंडळी, हातात बादली घेतलेली नवी बायको आणि तिच्या कडेवर पोर. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि बोट केलं. कडुनिंबाखाली. सगळ्यात चांगला दगड.

नवऱ्यानं मला दिलेली पहिली भेट म्हणजे एक मेलेला सार्जंट.

मी त्यांचं तोंड पुसलं, डावी बाजू आणि उजवीही. म्हटलं, दाखवायचीच होती तर एखाद्या मडमेची तरी दाखवायची. पुन्हा ती डावी बाजू हलली. मग कूस बदलली त्यांची, मीच. माझा हात काही तेवढा जड नाही.

---

दुपारी प्रबोधला घेऊन मी सालोमीच्या दुकानात गेले. या खेपेला मी स्टुलाची वाट बघितली नाही, पेटीवरच बसले.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

तिनं प्रबोधकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझ्या सासऱ्यानं खणलं होतं ते," ती म्हणाली. "साथीतल्या पाच-सहा जणी एकदम. जुन्यातच, मागच्या भिंतीकडं, ते बोरीचं झाड आहे ना, त्याच्यापासून पुढं. पेट्या करायला सवड नव्हती. कोण कुठं ते त्यांनाही सांगता आलं नसतं."

प्रबोधनं विचारलं, तिला कशात ठेवलं होतं. सालोमी जरा थांबली. म्हणाली, सासूनं आपली लग्नाची चादर दिली होती. ती करुणाला गुंडाळली. सासू नेहमी सांगायची ते. खरं होतं की त्या क्षणी जुळवलं, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही.

प्रबोध बाहेर जाऊन फाटकापाशी पाठमोरा उभा राहिला. मग मी सालोमीला विचारलं जे मला विचारायचं होतं.

"चाळीस वर्षं तू तिथं येत होतीस. दर ईस्टरला मला बघत होतीस. मटणावरून आपलं इतकं झालं, एक शब्द टाकला असतास तर मी मंडळीत तोंड दाखवू शकले नसते. का नाही टाकलास?"

"हसायचे की मी," सालोमी म्हणाली. "घरी जाऊन हसायचे. एकटीच."

"पण सांगितलं का नाहीस?"

तिनं रंधा उचलला, खाली ठेवला. "पोरगं तुझ्या शेजारी बसून फुलं मांडायचं," ती म्हणाली. "मी काय म्हणणार होते? आणि त्या गोऱ्याला तरी इथं कोण होतं? त्याचीही आई असंलच कुठंतरी. तुझा चुना काही वाया गेला नाही."

मला गप्प बसवणारी माणसं आयुष्यात दोनच भेटली, आणि एक खाटेवर होता.

"साटीन नको," शेवटी मी म्हणाले. "साधी सागाची कर. उशी घाल, त्यांना उशीशिवाय झोप येत नाही."

"आणि जागा?"

"दोन. शेजारी शेजारी."

"डावीकडची तुझी की त्याची?"

"माझी उजवी," मी म्हणाले. "देवळात तू डावीकडं बसतेस. माझ्या डाव्या हाताला तू आलीस तर मी उठून जाईन."

टायवाल्याला प्रबोधनंच फोनवर नको सांगितलं. तो म्हणे फार हळहळला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. उज्वला आणि मी दोघी जवळ होतो. सालोमी पेटी घेऊन स्वतः आली, आणि यांना अंघोळ घालायला पुरुष आले तेव्हा दारात उभी राहून त्यांच्यावर खेकसत होती, पाठीला हळू, पाठीला हळू. मेलेल्या माणसाच्या पाठीसाठी भांडणारी बाई मी तेवढी एकच बघितली.

पेटी बंद करायच्या आधी प्रबोध माझ्याजवळ आला. हातात रुमाल, रुमालात माती. सकाळी जुन्या कबरस्तानात जाऊन बोरीखालून आणली होती. माझ्याकडे बघून तो नुसता उभा राहिला, परवानगी मागावी तसा. मी रुमाल घेतला. अर्धी माती यांच्या हाताशी ठेवली. उरलेली परत बांधली आणि त्याच्या खिशात घातली.

"ही जपून ठेव," मी म्हणाले. "माझ्या पेटीला लागेल. तिला एकट्या त्यांच्याच भरवशावर सोडायला नको. त्यांना कबरी सापडत नाहीत."

भरल्या घरात पोरगं हसलं आणि हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळलं.

पुढच्या ईस्टरला मी विचारात पडले. करुणाची बोर होती, तिच्याखाली प्रबोधनं एक दगड बसवला होता, सगळ्या पाच-सहा जणींचा मिळून. त्याला मी चुना दिला. बादलीत अर्ध्याच्या वर चुना उरला. पहाट व्हायला लागली होती, मंडळी गायला उभी राहत होती. तिकडं कडुनिंबाखाली सार्जंट विगिन्स, ॲसिडनं धुतलेला, काळाठिक्कर, उघडा. चाळीस वर्षं पांढऱ्या कपड्यात बघितलेला माणूस असा बघवेना. चोवीस वर्षांचं पोर ते, आमच्या प्रबोधपेक्षाही लहान. आणि माझ्या घरची इतकी गुपितं त्याला ठाऊक होती.

मी बादली उचलली. गुडघ्यावर बसले. या खेपेला अक्षरं तेवढी सोडली, बाकी सगळं पांढरं केलं, नीळ घालून, दोन हात.

मागून कुणीतरी हसलं. वळून बघितलं तर सालोमी. पदर तोंडावर घेऊन, गदगदा, खांदे हलेपर्यंत हसत होती. चाळीस वर्षं घरी जाऊन हसली, आज माझ्या तोंडावर.

"काय झालं दात काढायला?" मी म्हणाले. "दुसरा कुंचला घे. डोक्याकडचं राहिलंय."